कापशाचे केस

सावळाराम ओव्हरसियर गेले तो गुरुवार होता, ११ एप्रिल १९९६. इंदापूरच्या दवाखान्यात, सकाळी सव्वानऊला. दहावा बावड्याला नदीवर झाला, वीस तारखेला. भावकीतल्या चौदा जणांनी केस दिले. एकुलत्या एका मुलाने, रणजितने, दिले नाहीत. सोमवारी पुण्यातल्या एका कंपनीत त्याची मुलाखत होती, दुसरी आणि शेवटची. तो फक्त मिशी काढायला तयार झाला. न्हाव्याने मिशी काढली, वस्तरा धुतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्याची आई विजयमाला वीस पावलांवर बायकांत बसली होती. तिने ते पाहिलं. त्या वेळी ती काही बोलली नाही आणि त्यानंतर मुलाशी बोललीच नाही.

नोकरी मिळाली. रणजित पंधरा दिवसांनी एकदा, रविवारी, बावड्याला यायचा. ती ताट वाढायची, भाकरी संपली की दुसरी टाकायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. तो विचारायचा त्याला मान हलवायची. ती रडतही नव्हती. दिवसाची कामं होती ती ओळीने व्हायची आणि संपायची.

घरात आणखी एक जीव होता, कापशा. पांढरा पामेरियन, वय सहा. सावळाराम साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते तेव्हा त्यांनी तो पिल्लू असताना पिशवीत घालून आणला होता. जूनमध्ये त्याचे केस जायला लागले. आधी शेपटी उघडी पडली, मग मांड्यांची मागची बाजू, मग दोन्ही कुशी. खाज नव्हती, जखम नव्हती. कातडी काळपट दिसू लागली. तो दिवसभर सावळारामांच्या खुर्चीखाली पडून असायचा. हाक मारली तर मान उचलायचा, तीही उशिरा.

शेजारच्या शकुबाईने एके दिवशी पडवीत बसून शेंगा फोडता फोडता ते वाक्य उच्चारलं.

“अगं माले, ह्यानं केस दिलं की गं! पोटच्या पोरानं राखलं आन् कुत्र्यानं दिलं.”

विजयमालाने कापशाकडे पाहिलं. तिने आतून सावळारामांचं जुनं उपरणं आणलं आणि त्याच्या अंगावर घातलं. त्या दिवसापासून ते तिचंही म्हणणं झालं. बायका बघायला येऊ लागल्या. “मुकं जनावर, पर जाण बघा.” जुलैत तालुक्याच्या बातमीदाराने चार ओळी छापून आणल्या. मालकाच्या निधनानंतर श्वानाने केस त्यागले, अन्नावरची वासना उडाली, वगैरे. खरं तर कापशाचं वजन वाढलं होतं. बातमीत नाव, गाव, जात, सगळं होतं. तारखा नव्हत्या. विजयमालाने ते कात्रण सावळारामांच्या फोटोच्या चौकटीत काचेखाली सरकवलं.

श्रावणात रणजित जेवत असताना शकुबाईने ते वाक्य त्याच्यासमोर म्हटलं. त्याने जेवण पुरं केलं. हात धुतले. कापशासमोर उकिडवा बसून त्याच्या उघड्या पाठीवरून एकदा हात फिरवला. “येतो,” म्हणाला. पंधरा दिवसांनी तो आला नाही. त्यानंतरही आला नाही.

कापशाचे केस कातरायचं काम बिरूकडे होतं. बिरू धनगर, पंचावन्नच्या पुढचा. त्याच्या बापाची दीडशे मेंढरं होती, त्याची स्वतःची चाळीस. ती विकून तो आता कारखान्याच्या गेटवर रखवालदार होता. पण कातर त्याने विकली नव्हती. आजूबाजूच्या वाड्यांवर लोकर कातरायला अजून त्यालाच बोलावणं यायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला सावळाराम, ज्यांना तो तात्या म्हणायचा, त्याला बोलवून घ्यायचे आणि म्हणायचे, “बिरू, आमचं एकच मेंढरू हाय, पर कातर नीट.” बिरू कापशाचे चारी पाय एका हातात धरून, त्याला मांडीवर आडवा घेऊन, वीस मिनिटांत मोकळा करायचा. मग नखं, मग कान. त्या सालीही पाडव्याच्या आठ दिवस आधी त्याने कापशा कातरला होता. म्हणजे बारा मार्चला. सावळाराम तेव्हा खुर्चीत बसून बघत होते.

जुलैत तो नखं काढायला आला तेव्हा विजयमाला म्हणाली, “भावजी, त्याला कातर लावायची न्हाय. त्यानं आपणहून दिल्यात.”

बिरूने कापशाला मांडीवर घेतलं. मेंढराला कातर लावली की लोकरीत पायऱ्या उठतात. तीन आठवड्यांत त्या भरून येतात. बरगडीवर जिथे थोडे केस शिल्लक होते तिथे बिरूला स्वतःच्या पायऱ्या दिसल्या, जशाच्या तशा. चार महिने होत आले होते. केस दिलेले नव्हते. त्याने कातरलेले केस परत उगवलेच नव्हते, आणि राहिलेले गळत होते.

त्याने फोटोकडे पाहिलं, काचेखालच्या कात्रणाकडे पाहिलं. नखं काढली. कातर गोणपाटात गुंडाळली आणि तो घरी गेला.

तो चार महिने बोलला नाही.

त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. थंडी लवकर पडली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बिरू पुन्हा नखांसाठी आला. कापशा चुलीला इतका चिकटून बसला होता की एका बाजूच्या मिशा जळाल्या होत्या. तोंड सुजल्यासारखं, पापण्या जड. बिरूने त्याला उचललं आणि परत खाली ठेवलं.

“वहिनी, हे जड झालंय. आन् गार लागतंय.”

“खात न्हाय काय.”

“न खाता जड झालंय मग.” तो थोडा थांबला. “बारामतीला न्यावं म्हणतो. तितं एक डॉक्टरीणबाई हायती, कुत्री-मांजरं बघत्यात. हितला सरकारी डॉक्टर म्हशीच्या पोटात हात घालायला बरा.”

“दुःखाला औषध असतंय व्हय?”

“थंडीला तर असंल.”

ती दोन दिवस हो म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कापशा उठला नाही. श्वास चालू होता, डोळे उघडे होते, पण पाय टेकवून उभा केला की खाली बसायचा. ती बिरूच्या घरी गेली आणि दारातूनच म्हणाली, “चला.”

एसटीत कंडक्टरने पिशवीत वाकून पाहिलं. “मेंढराचं पिल्लू हाय का?”

“व्हय,” बिरू म्हणाला. “कातरलेलं.”

डॉक्टर सुकन्या भोईटे तिशीच्या आत होत्या. दवाखाना एका खोलीचा, बारामतीत, खताच्या दुकानाशेजारी. त्यांनी कापशाला टेबलावर घेतलं, मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि घड्याळात पाहत राहिल्या. पूर्ण एक मिनिट.

“अठ्ठावन्न. एवढ्याशा कुत्र्याचे नव्वद, शंभर हवेत.” मग त्यांनी पाठीवरून हात फिरवला. “केस कधीपासून गेलेत, मावशी?”

“हे गेले तवापासनं.” विजयमालाने तारीख सांगितली. “अकरा एप्रिल.”

डॉक्टर लिहू लागल्या. बिरू दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन.

“न्हाय,” तो म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

“न्हाय, वहिनी. पाडव्याच्या आठ दिस आधी मी कातरला. तात्या समोर बसलं हुतं. ती केसं परत आलीच न्हाईत. माझ्या कातरीच्या खुणा अजून हायत, ह्या बघा.” त्याने बरगडीवर बोट ठेवलं. “तात्या जायच्या आधीच काहीतरी बिनसलं हुतं. मला जुलैत कळलं. बोललो न्हाय, चुकलं माझं.”

विजयमालाने त्या जागेकडे पाहिलं. केसांत एकाखाली एक अशा चार बारीक पायऱ्या होत्या.

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. मग सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड. माणसाला असते तशीच. ती रस कमी देऊ लागली की सगळं संथ होतं. ठोके, पोट, अंगातली ऊब. कातरलेले केस परत येत नाहीत. माणूस असता तर म्हणाला असता मला सारखी झोप येते. कुत्रा म्हणत नाही.

“दुःखानं होतं का हे?” विजयमालाने विचारलं.

“नाही, मावशी. दुःखानं होत नाही. वर्षभर आधीपासून हळूहळू सुरू असणार. मागच्या हिवाळ्यात झोपून असायचा का?”

मागच्या हिवाळ्यात सावळाराम म्हणायचे, आमचा कापशा पण रिटायर झाला. विजयमालाला ते आठवलं. ती म्हणाली, “आठवत न्हाय.”

“ह्याच्यावर गोळी आहे. पण आधी रक्त तपासायला हवं, आणि ते पुण्यातच होतं. माणसांच्या लॅबमध्ये. पुण्यात कोणी आहे तुमचं?”

विजयमालाने पिशवी जवळ ओढली. बिरू टोपीकडे बघत म्हणाला, “मुलगा हाय.”

नंबर तिच्या पिशवीत होता, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानावर. तो तिने काढून दिला. डॉक्टरांनी कंपनीत फोन लावला, रणजितला फोनवर बोलावून घेतलं आणि सांगितलं की बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये एक नळी येईल, दोनच्या एसटीने, कंडक्टरकडे, स्वारगेटला. ती लॅबमध्ये द्यायची. पलीकडून काही विचारलं गेलं असावं. डॉक्टरांनी रिसीव्हर विजयमालापुढे धरला.

ती कापशाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. हात तसेच राहिले.

“त्यांनी कुत्र्याला धरलंय,” डॉक्टर फोनमध्ये म्हणाल्या.

थर्मास घरचाच होता, वाटेत चहाला म्हणून तिने बरोबर आणलेला. एप्रिलमध्ये इंदापूरच्या दवाखान्यात चहा न्यायला घेतलेला.

आठ दिवसांनी पाकीट आलं. वर रणजितचं अक्षर. आत रिपोर्ट, आणि दुसरं काही नव्हतं. इंग्रजीतल्या एका आकड्याखाली लॅबने लाल रेघ मारली होती. त्या रेघेचा अर्थ रणजितने लॅबमध्येच विचारून घेतला असणार, आणि गोळी कोणती ते डॉक्टरांना फोनवर. त्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीने थर्मास परत आला. तो साबणाने धुतलेला होता आणि आत कापसात गुंडाळलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप होत्या. त्यातही चिठ्ठी नव्हती.

डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिलं होतं. सकाळी सहाला एक गोळी, संध्याकाळी सहाला एक. उपाशीपोटी. दर रविवारी वजन आणि ठोके. दर महिन्याला बिरूने नखं, कान करायचे तेव्हा उजव्या कुशीवर तळहाताएवढा चौकोन साफ करायचा आणि पुढच्या खेपेला तिथे किती केस आले ते मोजायचं. सारखं रक्त काढायला बारामतीला येणं परवडायचं नाही. केस खोटं बोलत नाहीत. दीड महिन्याने पुन्हा रक्त, गोळी दिल्यावर चार ते सहा तासांच्या आत.

बिरूने डिसेंबरच्या एक तारखेला चौकोन केला. “माझा तळहात का वहिनींचा, ते बाईंनी सांगितलं न्हाय,” तो म्हणाला. विजयमाला हसली नाही. त्याने स्वतःचा तळहात ठेवून कडेने कातर फिरवली.

गोळ्या देव्हाऱ्याच्या खणात होत्या. विजयमालाने त्या दिल्या नाहीत.

ती हे स्वतःशीही बोलली नाही. सकाळी सहाला उठायची, खण उघडायची, बंद करायची, चूल पेटवायची. दहा दिवस असं झालं. गोळी दिली तर केस येणार होते. केस आले की फोटोतलं कात्रण खोटं ठरणार होतं. मग सावळारामांसाठी कुणी काय दिलं, असं विचारलं तर भावकीतल्या चौदा जणांची डोकी होती आणि मुलाची मिशी. कापशा चुलीपाशी पडून होता. आता तो पाणीही बसल्या जागीच प्यायचा.

अकरा तारखेला बिरू गेटवरून येताना सहज डोकावला. “गोळी देता ना, वहिनी?”

“देते.”

खण उघडा होता. बिरूला पुरी स्ट्रिप दिसली. तो म्हणाला, “मेंढरू असतं तर मी इच्यारलं नसतं. मेंढराला दुखतंय का न्हाय ते कुणी धरत न्हाय. ह्याला तात्यांनी पिशवीत आणला हुता.” आणि गेला.

रविवारी ठोके मोजायचे होते. विजयमालाने सावळारामांचं मनगटी घड्याळ काढलं, किल्ली दिली, आणि कापशाच्या मांडीच्या आत दोन बोटं ठेवली. सेकंदाचा काटा फिरू लागला. दवाखान्यात नर्स अशीच उभी राहायची, अशीच घड्याळात बघायची आणि पायाशी टांगलेल्या कागदावर लिहायची. शेवटच्या सकाळी तिने लिहिलं नव्हतं. कागद तसाच टांगलेला राहिला होता.

बावन्न. तिने मोजणी पुन्हा केली. एकावन्न.

तिने कागदावर तारीख घातली, १५ डिसेंबर, आणि पुढे ५१ लिहिलं. मग खण उघडला, गोळी दोन चमच्यांमध्ये चिरडली, थेंबभर पाण्यात कालवली आणि कापशाचा जबडा वर धरून जिभेच्या मागे सोडली. त्याने गिळली. संध्याकाळी सहाला दुसरी दिली.

त्यानंतर एकही चुकली नाही. कागदावर हे आकडे आहेत. २२ डिसेंबर, ठोके ५८. २९ डिसेंबर, ६६. ५ जानेवारी, ७४, दारापर्यंत चालत गेला. १२ जानेवारी, ८०, वजन ६ किलो २००. वजन ती किराणा दुकानाच्या काट्यावर करायची, कापशाला टोपलीत बसवून. दुकानदार म्हणायचा, “काकू, ह्या भावात बोकड येईल.” ती आकडा लिहून घ्यायची.

जानेवारीअखेर दुसरं रक्त गेलं. सकाळी सहाला गोळी, सातची एसटी, साडेदहाला सुई. थर्मास स्वारगेटला गेला आणि चार दिवसांनी धुऊन परत आला, पाकीटही आलं. या वेळी आकडा हव्या त्यापेक्षा किंचित वर होता. डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी अर्धी केली. विजयमाला ती अडकित्त्याने तोडू लागली.

बिरूच्या चौकोनात एक जानेवारीला काहीच नव्हतं. फेब्रुवारीत करडी लव दिसली. मार्चमध्ये त्याने कापशाला मांडीवर घेतलं, चौकोनात बोट उभं धरलं, आणि विजयमालाला दाखवलं.

“पेरभर.”

“म्हणजे किती?”

“म्हणजे आलं, वहिनी. आता किती काय घेऊन बसलाव.”

कापशाने त्याचं बोट चाटलं, मांडीवरून उडी मारली आणि फाटकातून जाणाऱ्या सायकलवर भुंकला. सायकलवाला बावड्यात नवा होता. जवळपास वर्षभराने तो भुंकत होता, आणि एका परक्या माणसावर. विजयमाला ते बघत उभी राहिली. तो खुर्चीखाली परत गेला नाही.

पाडव्याला, आठ एप्रिलला, शकुबाई आपल्या घरची गुढी उतरवून आली. कापशा तिच्या पायांत घोटाळला. शेपटीवर झुबका आला होता.

“आगं बाई! फिटलं की गं ह्याचं सुतक. वर्साच्या आत दुःख उतरलं. कुत्रं झालं तरी किती धरून ठेवील?”

“दुःख नव्हतं ते,” विजयमाला म्हणाली.

“म्हंजी?”

“गळ्यातली गाठ काम करत नव्हती त्याची. मागल्या पाडव्याच्या आठ दिस आधी बिरूभावजींनी कातरला. ती केसं आलीच न्हाईत. ह्यांना जायला तवा महिना हुता.”

“पर सगळा गाव म्हणत हुता...”

“तू म्हणलीस. मग मी म्हणले. मग गाव म्हणला.”

शकुबाईने पदर नीट केला. “मग रणजितला काय म्हणायचं आता?”

विजयमालाने दोरीवरची साडी काढून घडी घातली. शकुबाई गेल्यावर तिने फोटो खाली घेतला, मागचे चार खिळे सांडशीने वाकवले, कात्रण काढलं आणि खिळे परत ठोकले. कात्रण तिने कापशाच्या कागदांबरोबर ठेवलं, दोन रिपोर्ट आणि ठोक्यांचा तक्ता होता तिथे. तारखांनी पाहिलं तर ते सगळ्यांत वर येत होतं.

वर्षश्राद्ध तिथीने तीस एप्रिलला येत होतं. अठरा तारखेला, शुक्रवारी, ती स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेली. कॅलेंडरचं पान काचेवर ठेवलं. बूथवाल्याने नंबर फिरवला, वाट पाहिली आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. पलीकडे यंत्रांचा आवाज होता. मग पावलं.

“हॅलो.”

“मी.”

यंत्रांचा आवाज मंदावला, त्याने दार लोटलं असावं.

“आई?”

“कापशाला केस आलेत.”

“किती?”

“दोन बोटं. शेपटीला जास्त.”

“आणि ठोके?”

“शहाण्णव. वजन पाच किलो शंभर.”

“गोळ्या आहेत?”

“पंधरा दिवसांच्या हायत.”

“पाठवतो.” तो थांबला. “तिसरं रक्त कधी?”

“बाई म्हणाल्या जूनमध्ये. आता घाई न्हाय.” तिने पान उलटं केलं. मागे काही नव्हतं. “वर्षश्राद्ध तीसला हाय. बुधवार.”

“हो. मी पाहिलंय.” मग तो म्हणाला, “रजा मिळेल. आई, मी ह्या वेळी...”

“न्हाव्याला निरोप दिलेला न्हाय,” ती म्हणाली. “देणार न्हाय.”

पलीकडे कुणीतरी रणजितच्या नावाने हाक मारली. तो फोनवरच थांबला.

“गोळ्या येताना घेऊन ये,” विजयमाला म्हणाली. “पाठवू नको.”

“बरं.”

“ठेवते.”

तिने रिसीव्हर ठेवला, पान घडी करून पिशवीत टाकलं. बूथवाल्याच्या घड्याळात साडेपाच झाले होते. सहाला अर्धी गोळी होती. ती घराकडे निघाली.